चुन्याखालची वाट

कांदा काढून आठ दिवस झाले, तरी तो रानातच होता. पात कापून त्याची पोळ, लांबट ढीग, घातली होती, वर उसाचं पाचट टाकलं होतं, आणि कारभारी रोज सकाळी पाचट सारून कोपरापर्यंत हात आत घालायचा. आत ऊब लागली की त्याचं तोंड उतरायचं. ऊब धरलेला कांदा चार दिवसांत वास सोडतो. वरून चैत्राचं ऊन, आणि दुपार कलली की दक्षिणेकडून ढग. जामखेडकडं गारा झाल्याचं मोबाईलवर येऊन गेलं होतं.

गावात घरामागं कांद्याची चाळ रिकामी, रानात कांदा तयार, आणि मधली गाडीवाट शेजारच्या गोरक्षनाथनानानं गिळलेली. संक्रांतीच्या आधी एका सकाळी त्यानं रोटाव्हेटर फिरवला, वाटेवर वाकलेली जुनी बोर जेसीबीनं मुळासकट उपटली, खड्डा बुजवला, डाळिंबाची रोपं लावली आणि तारेचं कुंपण ओढून मोकळा झाला. तीन पिढ्यांच्या बैलगाड्या जिथून गेल्या तिथं आता ठिबकच्या नळ्या. कारभारी विचारायला गेला, तर नाना ओट्यावर दात कोरत बसलेला.

"कसली वाट? हितं वाट हुती कधी?" तो म्हणाला. "शेजारधर्म म्हनून बांधावरून चालू दिलं, तर तुमी मालक व्हायला निघाला."

गावनकाशात वाट दाखवलेली नव्हती. तहसीलदाराकडं अर्ज झाला, दोन तारखा झाल्या. नाना दरवेळी वकील आणि चार माणसं घेऊन यायचा, आणि चौघं एका सुरात सांगायची, वाट नव्हतीच. कारभारीच्या बाजूनं तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं. ज्यांच्या पोरींची वऱ्हाडं त्या वाटेनं गेली तेसुद्धा म्हणायचे, "आठवत न्हाई बा." शेवटी साहेबानं सांगितलं, गुरुवारी मी स्वतः जागेवर येतो, बघतो, आणि मग काय ते ठरवतो. वाट मिळाली तर मिळाली, नाही तर पुढं कोर्टात जन्म घालवा.

तोवर कांदा पाठीवर. गोणी भरायची, ओढ्यात उतरायचं, वाळूतून पाय ओढत पलीकडं चढायचं, आणि मग गावच्या रस्त्याला लागायचं. कारभारीचा पोरगा अजिनाथ दिवसाला पंधरा खेपा करायचा. त्याच्या खांद्याची सालटी निघाली होती. त्याची बायको पंकजा शाळेच्या आधी चार आणि शाळेनंतर चार खेपा अर्ध्या गोणीच्या करायची. अशानं निम्मा कांदासुद्धा पावसाच्या आत घरी येणार नव्हता, हे घरातल्या चौघांनाही कळत होतं.

पंकजा गावच्या शाळेत चित्रकला शिकवायची. माहेर श्रीरामपूरकडचं. नगरला राहून तिनं कलाशिक्षकाची पदविका घेतली होती. नोकरी कायमची नव्हती. दर एप्रिलला शाळा समितीनं ठराव करायचा, जूनला नवा आदेश यायचा, आणि समितीचा अध्यक्ष कोण, तर गोरक्षनाथनाना. नशीब माणसाची थट्टा करायला बसलं की अशी करतं.

कारभारीला सुनेचं काम हे काम वाटायचंच नाही. पाव्हण्यानं विचारलं, सूनबाई काय करतात, तर तो म्हणायचा, "घरीच असती." एकदा तिनं त्याला सांगून बघितलं होतं. पोरं दोन डोंगर काढतात, मधे सूर्य, खाली नदी आणि नारळाची झाडं. आपल्या तालुक्यात कुणाच्या दारात नारळ आहे? मी त्यांना शाळेच्या स्लॅबवर नेते आणि सांगते, दिसतं ते काढा. मग कुणी पाण्याचा टँकर काढतं, कुणी आजीचे भेगाळलेले पाय.

"दिसतं ते काढायला मास्तर कशाला लागतो?" कारभारी म्हणाला होता. "देवानं डोळं फुकट दिल्यात."

रविवारी रात्रीच्या जेवणाला अजिनाथला घास उचलवत नव्हता. कडूबाई, त्याची आई, खोबरेल तेल कोमट करून त्याच्या खांद्याला लावत होती. पंकजा भाकरी थापता थापता थांबली.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "वाट तर शाळेच्या भिंतीवर हाय."

"आं?"

"मी काढलेली. तीन वरसांपूर्वी. बोरीसकट हाय. नानांचा ट्रॅक्टर हाय त्या वाटंवर."

तीन वर्षांपूर्वी, नवी नोकरी लागली तेव्हा, तिनं शाळेच्या रस्त्याकडच्या लांब भिंतीवर अख्खं शिवार काढलं होतं. आठ दिवस स्लॅबवर बसून आधी कागदावर उतरवलं, मग ऑइलपेंटनं भिंतीवर. नानानं नुकताच लाल ट्रॅक्टर घेतला होता. तो रोज यायचा, शिपायानं धरलेल्या शिडीखाली उभा राहायचा आणि म्हणायचा, "बाई, आपला ट्रॅक्टर घाला की." तिनं घातला. जिथं तो रोज सकाळी जाताना दिसायचा तिथंच घातला. मग नाना म्हणाला, नंबर घाला. तोही घातला. उद्घाटनाला त्यानं ट्रॅक्टरशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले होते.

कारभारीनं भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवला. "चित्राला कोन विचारतं? साहेब कागद मागतोय."

"साहेबाला दाखवून तर बघू," अजिनाथ म्हणाला.

"दाखव. हसंल तो. म्हनंल, उद्या वाघ काढाल न् म्हनाल शिवारात वाघ हुता."

पंकजानं पुढची भाकरी थापायला घेतली. पण कडूबाईच्या पोटात गोष्ट राहायची नाही. सोमवारी सकाळी नळावर हंडा भरताना तिनं चार बायकांना ऐकवलंच. "माझ्या सुनंनं आदीच काढून ठिवलंय सगळं. नानाचा ट्रॅक्टर नंबरासकट हाय म्हनं त्यात. येऊ दे गुरवारी साहेब." बिचारीला किती दिवसांनी सुनेचं कौतुक करावंसं वाटलं, आणि ते नेमकं तेव्हा.

दुपारच्या सुट्टीत नाना शाळेत आला. मुख्याध्यापक कल्याण सर खुर्चीतून उठून उभे राहिले. पंकजाला बोलावणं आलं.

"बाई, लई झालं चित्र," नाना म्हणाला. आवाज गोड होता. "आता भिंतीवर पाढे पायजेत. इंग्रजी अक्षरं पायजेत. चित्रानं पोरं काय साहेब हुनार हायेत? बाकीच्या गावांनी कवाच लिवलंय. आधी चुना मारून घ्या. बुधवारपत्तुर भिंत पांढरी दिसली पायजे."

पंकजानं कल्याण सरांकडं बघितलं. सर हजेरीपटाच्या कडा सरळ करत होते. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस होता.

"समितीचं म्हणणं आहे, बाई," सर म्हणाले. "भिंत समितीच्या अखत्यारीत येते."

"माणूस लावा मग चुन्याला," पंकजा म्हणाली.

"मानूस कशाला? रंगाचं काम तुमचंच की." नाना हसला. "आन् शनवारी ठरावाची मीटिंग हाय. सही माझी लागती, ठावं हाय ना?"

तिची कानशिलं तापली. आपलंच चित्र आपल्याच हातानं पुसायचं, आणि तेही पाढ्यांच्या नावाखाली. तिला वाटलं, आता इथंच सांगावं, जा, नाही मारत. पण तोंडातून भलतंच निघालं. रंगाची गोष्ट निघाली की मास्तरकीची खोड तिला गप्प बसू द्यायची नाही.

"नाना, खाली ऑइलपेंट हाय. त्यावर चुना धरत न्हाई. घासून, प्रायमर मारून मग..."

"चुन्याला अक्कल लागती व्हय? माझ्या बानं सारी जिंदगी घराला चुना मारला."

नाना गेला. पंकजा दारात उभी राहिली आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की आपण जे बोललो ते खरंच आहे. तुळतुळीत ऑइलपेंटवर चुना बसत नाही. वाळला, ऊन लागलं की पापुद्रे सुटतात. आज सोमवार. गुरुवारपर्यंत सुटतील?

मंगळवारी छगननं चुनकळी भिजत घातली. छगन शाळेचा जुना शिपाई, तीन वर्षांपूर्वी शिडी धरणारा तोच. पिंपात चुना खदखदून उकळला, पांढरी वाफ वर आली. पंकजानं पदर तोंडाला बांधला, बादली घेतली, कुंचा बुडवला. पोरं वर्गाच्या खिडकीतून बघत होती. पहिला हात तिनं आभाळावर मारला, कारण आभाळावर मारणं सगळ्यात सोपं होतं. मग डोंगर. मग गावाची घरं, विहिरी. चुना हातावरून कोपरापर्यंत ओघळायचा आणि जिथं कातडं चिरलेलं तिथं आग व्हायची. कांद्याच्या पातीनं चिरलेलं सगळंच होतं.

बोरीपाशी आली तेव्हा ती थांबली. वाकडं खोड, त्याखालून गेलेली दोन चाकोऱ्यांची वाट, तिच्यावर लाल ट्रॅक्टर, आणि मागं जरा लांब एक बैलगाडी. गाडीवर एक माणूस बसलेला.

"मारा बाई," छगन खालून हळू म्हणाला. "नाना रस्त्यावर हुबा हाय."

तिनं कुंचा मारला.

संध्याकाळी ती घरी आली. बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. हातापायांचा चुना धुवून तिनं पाण्याचा तांब्या सासऱ्यापुढं धरला. कारभारीनं तांब्याकडं बघितलं, तिच्या लाल झालेल्या हातांकडं बघितलं, आणि उठून स्वतः माठातलं पाणी घेतलं.

"मामा..."

"ऱ्हाऊ दे. नोकरी महत्त्वाची."

अजिनाथ गोणी शिवत होता. सुतळी दातानं तोडून तो म्हणाला, "एक शब्द न्हाई बोलता आला तुला? एक? मी हितं पाठ सोलून घेतोय, आन् तू त्याच्या हाताखाली चुना कालवती."

सांगावं, असं तिला फार वाटलं. की अहो, तो चुना टिकणार नाही, थांबा जरा. पण चुलीपुढं कडूबाई बसली होती. रविवारी घरात बोललेलं सोमवारी दुपारी नानाच्या कानात होतं. पंकजानं पिठाची परात पुढं ओढली. त्या दिवशी तिच्या हातची भाकरी एकट्या कडूबाईनं खाल्ली, तीही खाली मान घालून. कारण नळावर कोण बोललं, हे तिला माहीत होतं आणि घरात ते कुणीच काढलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पंकजा अर्धी गोणी टाकून तशीच शाळेकडं पळाली. भिंतीला नख लावलं. पापुद्रा अलगद सुटला, रुपयाएवढा, आणि खाली निळं आभाळ दिसलं. तिचा जीव भांड्यात पडला. आजचं ऊन खाल्लं की उद्या दुपारपर्यंत निम्मी भिंत उघडी पडणार.

तेवढ्यात मागं बादलीचा आवाज झाला. छगन उभा होता, हातात कागदाची पुडी.

"बाई, अजून एक हात मारायचाय. नानानं डिंक दिलाय. म्हनला, बाईच म्हनत हुत्या चुना धरत न्हाई, तर ह्यात डिंक घाला, म्हंजी धरंल."

पंकजा पायरीवर बसली. कोण शहाणा सांगत होता तुला त्याला शिकवायला, ती स्वतःलाच म्हणाली. नानाला आयुष्यात पहिल्यांदा चित्रकलेच्या मास्तरणीचं ऐकावंसं वाटलं, आणि ते असं.

"छगनमामा, तुमीच मारा हा हात," ती म्हणाली.

"मी मारतो. पर बाई..." छगन डिंकाचे खडे गरम पाण्यात ढवळत राहिला. "मला पन आठवतीय ती वाट. काय करू? पोराला ग्रामपंचायतीत लावून घेतो म्हनलाय नाना."

दुपारी सातवीच्या वर्गात जलरंगाचा तास होता. कुणाचं लक्ष लागत नव्हतं, तिचंही नाही. एका पोरीच्या रंगपेटीत रंग वाळून दगड झाले होते आणि ती रडवेली झाली होती.

"टाकायचे न्हाईत," पंकजा सवयीनं बोलून गेली. "यात डिंक असतो. कितीबी वाळला तरी पानी लागलं की तो सुटतो. ओला ब्रश फिरव, बघ."

पोरीनं ओला ब्रश फिरवला. रंग सुटला. पंकजा खडू हातात धरून तशीच उभी राहिली. खिडकीबाहेर छगनचा कुंचा सप सप वाजत होता.

गुरुवारी भिंत पांढरीफेक होती. तिनं येताना नख लावून बघितलं, चुना हलला नाही. दहाच्या सुमाराला साहेबाची जीप आली आणि थेट रानाकडं गेली. पंकजा वर्गात होती, पण तिचे डोळे खिडकीतून लांबवर लागले होते. कुंपणाशी माणसं हलताना दिसत होती. नानाचा पांढरा शर्ट पुढं पुढं करत होता. कारभारी मागं उभा होता. दक्षिणेकडं आभाळ आजच सकाळपासून काळं धरलं होतं.

तासाभरानं सगळे शाळेच्या ओसरीत आले, पंचनामा लिहायला. साहेब घामानं निथळत होता, त्याच्या बुटांना माती लागली होती. कल्याण सरांनी पंखा लावला, खुर्च्या मांडल्या. चार पंच भिंतीला टेकून बसले, चौघंही नानाच्या बैठकीतले. कारभारी खालच्या पायरीवर बसला. त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला होता.

"तर पंचांचं म्हणणं असं, की त्या ठिकाणी वहिवाटीचा रस्ता कधीही नव्हता," साहेब म्हणाला. कारकून लिहू लागला.

"न्हवता," पंच म्हणाले.

"मग तिथं तो बुजवलेला खड्डा कसला? मुळ्या वर आल्यात."

"पाइपलाइन फुटली हुती, साहेब," नाना म्हणाला. "मुळ्या कशाच्या? गवताच्या."

"झाड नव्हतं तिथं?"

"झाड कुठलं? उघडंबोडकं रान."

साहेबानं कारभारीकडं बघितलं. "आजोबा, तुमच्याकडं काही कागद, जुना फोटो, काहीतरी?"

"मानसं हुती, साहेब," कारभारी म्हणाला. "गाडी हाकनारी समदी मेली."

"मग मी काय लिहू?" साहेबानं घड्याळाकडं, मग आभाळाकडं बघितलं. "लिहा हो. पुरावा आढळून आला नाही."

कारकुनाचं पेन कागदावर टेकलं. पंकजा वर्गाच्या दारात उभी होती. शनिवारची मीटिंग तिच्या डोळ्यांपुढून गेली. जूनमधला रिकामा वर्ग गेला, पुन्हा दोन डोंगर आणि नारळ काढणारी पोरं गेली. तिनं फळा पुसायचं ओलं फडकं उचललं, प्यायच्या पाण्याच्या पिंपात बुडवलं आणि ओसरीतून खाली उतरली.

"साहेब, जरा थांबा," ती म्हणाली. "लिहायच्या आधी एकदा हिकडं या."

"बाई," कल्याण सर पुटपुटले, "वर्गात जा."

ती गेली नाही. रस्त्याकडच्या भिंतीपाशी जाऊन तिनं अंदाजानं कमरेइतक्या उंचीवर फडकं दाबलं आणि घासायला लागली. पहिल्यांदा नुसता पांढरा राडा झाला. लोक उठून ओसरीच्या टोकाला आले. तिनं पुन्हा पाणी आणलं, पुन्हा घासलं. डिंक सुटला आणि चुना दुधासारखा खाली ओघळला. तांबडं काहीतरी दिसायला लागलं.

"सरकारी भिंत हाय ही," नाना खाली उतरत म्हणाला. "साहेब, शाळेचं नुकसान चाललंय, बघताय ना तुमी?"

"पुसू द्या," साहेब म्हणाला.

तांबड्याचं चाक झालं, बॉनेट झालं. मग पुढची पाटी. पांढऱ्यावर काळी अक्षरं. दारात जमलेल्या पोरांनी सवयीनं एका सुरात नंबर वाचला. एमएच सोळापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. नानाच्या ट्रॅक्टरचा नंबर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता, कारण अंक वाचायला त्यांना तोच शिकवला होता.

साहेबानं मान वळवली. नाना घेऊन आलेला लाल ट्रॅक्टर फाटकाशी उभा होता. त्यानं शांतपणे त्याची पाटी वाचली.

"चित्र हा पुरावा होत नाही, साहेब," नानाचा वकील म्हणाला.

"मला माहीत आहे. बाई, त्याच्या बाजूला काय आहे?"

पंकजानं हात लावला तर चुन्यानं बोटांची सालं भाजली. फडकं पुरत नव्हतं. तेव्हा मागून कुणीतरी तिला बाजूला केलं. कारभारी होता. त्यानं पटका पिंपात बुडवला. लग्नाकार्याला बांधायचा, कडूबाईनं नीळ घालून धुतलेला पटका. म्हातारा दोन्ही हातांनी भिंत घासू लागला. नुसता धापा टाकत होता. चाकोऱ्या उघड्या झाल्या. चाकोऱ्यांवर वाकलेलं खोड उघडं झालं, आणि खोडाला लागलेली, तिनं बारीक ब्रशनं एकेक टिपलेली लाल बोरं.

"ही बोर," साहेब म्हणाला. "आणि तो खड्डा."

पंच एकमेकांची तोंडं बघत होते.

"मला चित्राचं काही सांगू नका," साहेब त्यांना म्हणाला. "तुम्ही माणसं आहात. हे चित्र काढताना कोण होतं इथं?"

मग मागून छगन म्हणाला, "मी हुतो. शिडी मी धरली हुती." त्याचा आवाज इतका बारीक होता, की कारकुनानं पुन्हा विचारलं. छगननं मान वर केली. "नाना, तुमीच नंबर घालायला लावला हुता. बाई म्हनल्या, एवढा बारीक कसा येईल. तुमी म्हनला, माझा ट्रॅक्टर माझ्या वाटंनं जाताना दिसला पायजे. हितंच हुबं ऱ्हाऊन म्हनला." तो थांबला. "वाट हुती, साहेब. बोर बी हुती. मी खाल्लीत तिची बोरं."

"मीबी," पंचांपैकी एकजण जमिनीकडं बघत म्हणाला. "आता खोटं कुठवर बोलायचं?"

नाना पंकजाच्या जवळून गेला. गर्दीत कुणाला ऐकू जाणार नाही असं तो म्हणाला, "जूनपासून ह्या शाळंची पायरी चढायची न्हाई." तिनं मान हलवली. तिला ते फडकं उचलतानाच माहीत होतं. पण कारभारी तिच्या शेजारीच उभा होता, आणि म्हाताऱ्याचे कान अजून शाबूत होते.

साहेबानं जबाब नव्यानं लिहायला सांगितले. दोन पंचांनी सही केली, दोन उठून गेले. आदेश सोमवारी निघेल, तोवर कुंपणाची तार काढून कांद्याची गाडी जाऊ द्या, असं त्यानं नानाला चारचौघांत बजावलं. जीपकडं जाता जाता तो पुन्हा भिंतीपाशी थांबला.

"हे कुणी काढलंय? नाव लिहायला लागेल."

कल्याण सरांनी नुसता घसा खाकरला. पंकजाला पुढं होववेना. हाताची आग आता कळायला लागली होती, आणि डोळे भरून आले होते.

"पंकजा अजिनाथ," कारभारी म्हणाला. त्यानं ओला पटका खांद्यावर टाकला, त्यातून चुन्याचं पाणी त्याच्या सदऱ्यावर गळत होतं. "माझ्या सूनबाई हायेत. शाळंत मास्तरीन हायेत त्या. चित्रकला शिकवत्यात."

कारकुनानं लिहून घेतलं. जीप गेली. अजिनाथ तार काढायला पक्कड घेऊन रानाकडं धावला, पोरं वर्गात गेली. वारा सुटला होता आणि आभाळ अजून काळंच होतं. दोघं तिथंच उभी राहिली. कारभारी भिंतीला नाक लावून बघत होता. ट्रॅक्टरच्या मागं चुन्यातून बैलगाडीची शिंगं तेवढी वर आली होती. त्यानं पटक्याचं टोक पिळलं आणि तिथं घासलं. बैल निघाले, जू निघालं, मग गाडीवर बसलेला माणूस निघाला. गुडघे वर घेतलेला, एक हात कासऱ्यावर.

म्हातारा मागं सरला. पुन्हा पुढं झाला.

"हा मी हाय व्हय?"

"व्हय, मामा."

"तीन वरसं हाय हितं?"

"व्हय."

"कुनी सांगितलं न्हाई मला."

तीन वर्षांत तो भिंतीकडं बघायला कधी थांबला नव्हता, हे त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं पुढं विचारलं नाही. चित्राकडं वाकून तो म्हणाला, "नाक एवढं मोठं हाय का माझं?"

"जसं दिसतं तसं काढलंय."

कारभारीनं स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला. मग तिचा हात धरून उताणा केला, चुन्यानं फुटलेली कातडी बघितली, आणि फडकं तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू बस सावलीला," तो म्हणाला. "आभाळ मी पुसतो."

त्यानं पटका पुन्हा पिंपात बुडवला आणि टाचा उंचावून वरच्या बाजूला घासायला सुरुवात केली.

"मामा, कांदा भरायचाय. पाऊस यील."

"भरतोय तो अजिनाथ. हे लई ऱ्हायलंय अजून."